भैरूचे दहा दिवस

भैरूनं माझ्या नातीला चावा घेतला, तेव्हा मी पाच पावलांवर खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. जेवणं उरकली होती. माझी बायको इंदुमती आत भांडी आवरत होती आणि मुलगी रेवती पुण्याला परतायचं म्हणून बॅगा भरत होती. भैरूला नेहमीप्रमाणे पडवीत, त्याच्या जर्मनच्या ताटलीत दूध-भाकरी घातली होती. ओवी तेव्हा पाच वर्षांची. हातभर नव्या बांगड्या घालून ती घरभर मिरवत होती.

"भैरू, बघ ना माझ्या बांगड्या," म्हणत ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

मी पेपरावरून नजर उचलली. भैरू खायचा थांबला होता. तोंड ताटलीतच, मान खाली, अंग ताठ. मला वाटलं, शहाण्यासारखा थांबलाय. कौतुकच वाटलं त्याचं. तेवढ्यात ओवीनं हात पुढे केला आणि पुढचं मला नीट दिसलंही नाही. आवाज झाला तो ओवीच्या किंकाळीचाच. भैरूनं तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं.

डाव्या गालावर, डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत सात टाके पडले. डोळा बोटभर अंतरानं वाचला. दवाखान्यात रेवतीनं तिला मांडीवर गच्च धरलं होतं आणि सुई टोचली जाताना ती "आजोबा, आजोबा" करत माझ्याकडे हात पसरत होती. तो हात धरायला मी पुढे झालो नाही. का झालो नाही, ते तेव्हा तिथं फक्त मला आणि इंदुमतीला माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत जावई पुण्याहून आले. हर्षल शांत माणूस, बँकेत नोकरीला. त्यांनी मुलीचा पट्टी बांधलेला चेहरा बघितला, तिच्या पायाशी थोडा वेळ बसले आणि मग बाहेर येऊन मला म्हणाले, "बाबा, हा कुत्रा आता राहता कामा नये."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांचे डॉक्टर शेडगे घरी आले. आमच्या फलटणमध्ये कुत्र्या-मांजरांचंही तेच बघायचे. भैरूला पडवीच्या खांबाला बांधलं होतं. तो पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता.

"लस वेळेवर झालीय त्याची," शेडगे म्हणाले. "तरी दहा दिवस नजरेखाली ठेवायचा. दहा दिवस धडधाकट राहिला, तर पिसाळलेला नव्हता हे नक्की. मुलीची इंजेक्शनं मात्र चुकवू नका."

"आणि दहा दिवस झाले की?" हर्षलनी विचारलं. "त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणार ना तुम्ही?"

डॉक्टरांनी भैरूकडे एकदा बघितलं. ते माझ्याकडे वळले. "सर, सहा वर्षांचा कुत्रा आहे हा. असा अचानक चावत नाहीत हे. आधी कधी गुरगुरला होता का मुलीवर? दात दाखवले होते?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

इंदुमती दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि ती आत निघून गेली.

"काही न सांगता सवरता चावला म्हणजे अवघड आहे," शेडगे म्हणाले. "तरी इंजेक्शन देण्याआधी मला खात्री करून घ्यायचीय. साताऱ्याला तमन्ना मुजावर म्हणून एक मुलगी आहे, कुत्र्यांना शिकवते. तिला एकदा दाखवू."

हर्षलना ते पटलं नाही, पण ते अडून बसले नाहीत. ओवीची इंजेक्शनं आणि टाके काढणं इथल्याच दवाखान्यात व्हायचं होतं, म्हणून रेवती मुलीला घेऊन आमच्याकडे राहिली. रविवारी येतो, असं सांगून हर्षल पुण्याला गेले. सोमवारी दहा दिवस भरत होते.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवलं. थोरवे सर मैदानावर आले की पोरं श्वास रोखून उभी राहतात, असं माझ्या निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तर म्हणाले होते आणि मला ते फार आवडलं होतं. पोरं असोत की कुत्रा, एकदा नीट वळण लावलं की आयुष्यभर चिंता नाही, असं मी मनापासून मानत आलो होतो.

तमन्ना चौथ्या दिवशी एसटीनं आली. तिशीची, बारीक चणीची, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या तिनं भैरूला हाक मारली नाही की हात लावला नाही. त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर, त्याच्याकडे पाठ वळवून फरशीवर बसली आणि पिशवीतून उकडलेल्या अंड्याचे तुकडे काढून मधूनमधून त्याच्या दिशेनं टाकत राहिली. बराच वेळ हे असंच चाललं. मी खुर्चीत बसून बघत होतो. हे कसलं शिकवणं, असं मनात येत होतं.

मग तिनं ताटली मागितली. तिच्यात थोडी भाकरी कुस्करून दोरी पोहोचेल तिथं ठेवली. भैरू खाऊ लागला तशी ती आडव्या चालीनं, एकेक पाऊल त्याच्याकडे सरकली. चौथ्या पावलाला तो थांबला. ती त्याच क्षणी मागे फिरली.

"बघितलंत, सर?"

"काय? काहीच तर केलं नाही त्यानं."

"खायचा थांबला. जीभ ओठांवरून फिरवली. डोळ्याचा पांढरा भाग दिसला. मग सगळं अंग गोठलं." तिनं बोटांवर मोजलं. "पण आवाज नाही. एवढं सगळं झाल्यावर कुठलाही कुत्रा गुरगुरतो. हा गुरगुरत नाही."

"मग चांगलंच आहे की."

"नाही, सर. मला त्याचीच भीती वाटतेय."

तेवढ्यात मी डोकं खाजवायला हात वर केला. भैरूनं डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. तमन्नानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"याला कुणी मारायचं का?"

"कुत्रा म्हटल्यावर एखादी चापट बसतेच," मी म्हणालो.

"ओवी जवळ असताना?"

"नाही."

इंदुमती चहा घेऊन येत होती. तिनं ट्रे टीपॉयवर इतक्या जोरात ठेवला की कपांतला चहा बशांमध्ये सांडला. पण बोलली नाही. तमन्नानं अंड्याचे उरलेले तुकडे पिशवीत ठेवले. "रविवारी परत येते," म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "असं आदळआपट करायला काय झालं?" मी इंदुमतीला विचारलं.

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "मी मे महिन्यातच बोलायला हवं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं हात थांबवले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला तिचं नाव विचारलं होतं. "अहो, तुमच्याशी?" एवढंच म्हणून ती पुन्हा कणीक मळू लागली.

पुढचे चार दिवस मला वाईट गेले. ओवी आतल्या खोलीत रेवतीजवळ असायची. तिला भैरूचं नाव काढलेलं चालत नव्हतं. मी ताटली घेऊन पडवीत गेलो की भैरू उठून शेपटी हलवायचा, पण खाली, पायांत धरून. ताटली ठेवल्यावर मी लांब जाईपर्यंत तोंड लावायचा नाही. पूर्वीही तो असंच करायचा. मी त्याला शिस्त म्हणायचो.

रविवारी सगळे पडवीत जमले. हर्षल आले होते. डॉक्टर शेडगे दुसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनचं बोलून ठेवायला आले होते. तमन्ना पुन्हा अर्धा तास भैरूबरोबर बसून उठली होती. रेवती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

हर्षलनी सरळ विचारलं, "मला एवढंच सांगा, तमन्ना. न सांगता चावणारा कुत्रा सुधारतो का?"

ती म्हणाली, "खोटं बोलणार नाही. जो गुरगुरतो त्याच्याबरोबर मला काम करता येतं. गुरगुरणं म्हणजे तो सांगत असतो, मला भीती वाटतेय, मागे व्हा. आपण मागे होतो, त्याची भीती हळूहळू कमी करतो. पण जन्मतःच जो काही न सांगता चावतो, त्याची हमी मी देऊ शकत नाही. लहान मूल असलेल्या घरात तर नाहीच."

"झालं तर मग," हर्षल म्हणाले.

शेडगेंनी मान डोलावली. "उद्या सकाळी दहाला येतो."

भैरू उन्हाच्या पट्ट्यात झोपला होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं. मी एवढं बोललो नसतो, तर गोष्ट तिथंच संपली असती. कुणी मला काही विचारलं नसतं. इंदुमती तर बोललीच नसती.

"तो गुरगुरायचा," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले.

"मे महिन्यात ओवी तीन आठवडे आमच्याकडे होती, तेव्हा. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या ताटलीजवळ गेली आणि तो गुरगुरला. मी त्याला छडीनं मारलं."

"एकदा?" तमन्नानं विचारलं.

"नाही. मला त्याला धडा शिकवायचा होता. संध्याकाळी परत खायला घातलं आणि मीच ओवीला म्हणालो, जा, त्याच्याजवळ बस. ती बसली, तो गुरगुरला, मी मारलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा तेच. ओवी रडायला लागली. मी तिला म्हणालो, त्याच्या भल्यासाठीच आहे. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ती त्याच्याजवळ जाऊन बसली, तर त्यानं आवाज केला नाही. सहाव्या दिवशी तिला त्याच्या पाठीवर हात ठेवायला सांगितलं आणि फोटो काढला."

हर्षलचा चेहरा पांढरा पडला. तो फोटो सहा महिने त्यांच्या मोबाईलवर होता. भैरू खातोय आणि ओवी त्याच्या पाठीवर हात ठेवून हसतेय. बँकेतल्या लोकांना त्यांनी तो दाखवला होता. मीही गावभर सांगितलं होतं, चार दिवसांत सरळ केला म्हणून.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात," हर्षल म्हणाले.

"हो."

"का?"

तमन्ना खाली बसली आणि मला म्हणाली, "सर, त्याच्या बाजूनं बघा. तुम्ही शिकवत होता, मुलीवर गुरगुरायचं नाही. तो काय शिकला? ही मुलगी ताटलीजवळ आली की छडी बसते. छडी तुमच्या हातात होती, पण त्याच्या लेखी ती दर वेळी तिच्याबरोबर येत होती. आधी त्याला तिची थोडी भीती होती. चार दिवसांत ती तुम्ही चौपट केलीत. आणि ती सांगायची सोय काढून घेतलीत." मग हलक्या आवाजात म्हणाली, "मार बसला की वागणं थांबतं, सर. म्हणून मारणाऱ्याला वाटतं, शिकवलं. आतलं तसंच राहतं."

हर्षल ताडकन उठले. "म्हणजे माझ्या मुलीला तुम्ही स्वतःच्या हातानं..." चपला न घालताच फाटकाबाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी रेवतीकडे बघितलं. मला वाटलं, ती रडेल किंवा ओरडेल. ती तशीच चौकटीला टेकून होती.

"सातवीत माझं मनगट मोडलं होतं, आठवतं?" ती म्हणाली.

आठवत होतं. खो-खोच्या सरावात पडली होती. तालुक्याची स्पर्धा तोंडावर होती.

"मी दोन दिवस तसंच खेळले. तिसऱ्या दिवशी हात एवढा सुजला, तेव्हा आईनं बघितलं. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, पोरगी बहाद्दर आहे, दोन दिवस तोंडातून हूं की चूं केलं नाही." ती थांबली. "मी बहाद्दर नव्हते, बाबा. आदल्या आठवड्यात पाय मुरगळला म्हणणाऱ्या पोरीला तुम्ही मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मी ते बघितलं होतं."

डॉक्टर शेडगे जमिनीकडे बघत होते. आतून ओवीनं आईला हाक मारली आणि रेवती गेली.

बऱ्याच वेळानं हर्षल आत आले. ते माझ्याशी बोलले नाहीत, तमन्नाशी बोलले. "याच्यात काही होण्यासारखं आहे का आता?"

"आता आहे," ती म्हणाली. "कुठून बिघडलं ते कळलंय. पण वेळ लागेल. आणि ओवीला पुन्हा याच्याजवळ आणायचं नाही. कधीच."

"ते तुम्ही सांगायची गरज नाही." मग पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळले. "इंजेक्शन नको. पण हा कुत्रा या घरात असेपर्यंत ओवी या घरात येणार नाही. तुम्हाला तिला भेटायचं असेल तर पुण्याला या. आणि येताना आईंना घेऊन या, एकटे येऊ नका."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ओवी त्यानंतर सात वर्षं आमच्या घरी आली नाही.

तमन्ना महिन्यातून दोनदा यायची आणि मला शिकवायची. कुत्र्याला नव्हे, मला. भैरू खात असताना मी बारा फुटांवरून जायचं, जाता जाता अंड्याचा तुकडा टाकायचा आणि थांबायचं नाही. आठवडाभर तो निवांत राहिला तर अकरा फूट. जरा जरी ताठरला तर परत बारा. हाक मारून जवळ बोलवायचं आणि मग रागवायचं, हे बंद. नाहीतर तो हाकेलाच घाबरतो, हे मला साठीला कळलं. रागवायचंच नाही, तर मग चुकला तर काय करायचं, असं मी पहिल्या महिन्यात तिला चिडून विचारलं होतं.

"चुकायची वेळच येणार नाही असं अंतर ठेवायचं," ती म्हणाली. "आणि बरोबर वागतो तेव्हा ते वाया जाऊ द्यायचं नाही. आत्ता तो शांत बसलाय. तुम्ही बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. एकतीस वर्षांत शांत बसलेल्या पोराकडे मी कधी बघितलं असेन असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी जुलैच्या शेवटी, एका सकाळी मी घाईत होतो आणि मोजलेल्या अंतराच्या आत शिरलो. भैरूनं ताटलीतून तोंड न काढता आवाज केला. बारीक, घशातला. मी जागच्या जागी थांबलो. उजवा हात आपोआप उचलला गेला होता; तो मी खाली घेतला. दोन पावलं मागे झालो, खिशातला तुकडा त्याच्या पुढ्यात टाकला आणि तिथून निघालो. स्वयंपाकघराच्या दारात इंदुमती उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

"गुरगुरला," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

भैरू तेराव्या वर्षी गेला, म्हातारपणानं, पडवीतच. नंतरच्या मे महिन्यात रेवती ओवीला घेऊन राहायला आली. ओवी बारा वर्षांची झाली होती. गालावर पांढरी रेघ होती, हसली की ओठाच्या कोपऱ्याशी जराशी ओढली जायची. माझ्याशी ती जपून बोलायची. पाहुण्यांशी बोलतात तशी.

एका दुपारी ओवी आणि इंदुमती आत झोपल्या होत्या. रेवती आणि मी परसात चिंचा फोडत बसलो होतो. तिनं चिंचोके वेगळे करता करता एकदम म्हटलं, "बाबा, मला तुमचा राग येतो. अजून येतो."

तोंडाशी बरंच काही आलं. तेव्हाचे दिवसच तसे होते, सगळेच बाप तसे होते, तुझ्याच भल्यासाठी केलं. तिच्या हातातली चिंच थांबली होती आणि ती माझ्याकडे न बघता वाट बघत होती, मी काय करतो याची.

मी हातातला बत्ता खाली ठेवला.

"कशाकशाचा येतो?" मी विचारलं.

"पुष्कळ आहे."

"सांग."

तिनं सुरुवात केली ती चौथीतल्या स्नेहसंमेलनापासून. नाचात पाऊल चुकलं म्हणून मी तिला पडद्यामागे, सगळ्या मुलींसमोर थोबाडीत मारली होती. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. तिला माझ्या शर्टाचा रंग आठवत होता. मग दुसरं, मग तिसरं. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग चढला, एकदा तर ती ओरडलीच. आतून इंदुमती उठून दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. ऊन कुंपणापलीकडे गेलं. मी मध्ये बोललो नाही.